मास्तर, एक भिंत ठरली होती

मास्तर, तुम्हाला माती देऊन आलो त्याला अजून महिना झालेला नाही आणि माझा राग तसाच आहे. माणूस गेला की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवला नाही. उलट आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून तो माझ्याच डोक्यात फिरतो आणि दमवतो. सकाळी हॉटेल उघडतो, दिवा लावतो, समोरच्या तुमच्या भिंतीकडं बघतो आणि दिवसभराचं काम करून झाल्यासारखा खुर्चीत बसतो.

दफनभूमीत पाळकसाहेब तुमच्याबद्दल चांगलं बोलले. शिरूरच्या मिशनच्या शाळेत रंधा मारायला आणि घायपाताचा दोर वळायला शिकलात, तरुणपणी आगबोटीत बसून दारेसलामला गेलात, तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचं लाकूडकाम केलंत, म्हातारपणी परत येऊन दौंडला राहिलात. सगळं खरं. पण हा माणूस हट्टी होता, समोरच्याला बोलण्यात गुंडाळायचा आणि दिलेला शब्द मोडून वर हसायचा, हे कुणी बोललं नाही. तुमच्या मार्थाबाई रडत होत्या, म्हणून मीही बोललो नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते दारांच्या चौकटी बसवायला. स्टेशनवर किटली घेऊन चहा विकणाऱ्या या किसनानं स्टेशनसमोर सिमेंटचं हॉटेल बांधलं, हे बघायला तेव्हा अर्धं दौंड येऊन जायचं. भिंतीला लावायला मी पुण्याहून आकाशी रंगाचा सनमायका आणला होता. तुम्ही चौकट सोडून त्या तक्त्यांपाशी गेलात, हात फिरवलात आणि म्हणालात, “शेठ, ह्याला वासच नाही.”

“हॉटेलात वास भज्यांचा यावा, मास्तर. भिंतीचा वास घ्यायला कोण येतंय?”

“तोंडबी नाही ह्याला.”

“भिंतीला तोंड कशाला पायजे?”

दुसऱ्या दिवशी तुम्ही गोणपाटात गुंडाळून ते तोंड घेऊन आलात. काळ्या लाकडाचं, लांबट, कपाळावर आणि गालांवर बारीक चरे, डोळे अर्धे मिटलेले. तिकडच्या एका कारागिरानं तुम्हाला निघताना दिलेलं. मी म्हणालो, हे काय भूत आणलंय? तुम्ही ते चुन्याच्या पोत्यावर टेकवलंत आणि चौकट ठोकत बसलात. दुपारपर्यंत मी येताजाता त्याच्याकडं बघत होतो. संध्याकाळी मीच विचारलं, ह्याचं काय करायचं म्हणता?

मग तुम्ही बोलायला लागलात ते थांबेचनात. तिकडं भिंत मातीची असते आणि ती नुसती उभी नसते, तिच्यावर बोटांनी नक्षी असते. बसायचे चौरंग एकाच ओंडक्यातून कोरलेले असतात, जोड नाही, खिळा नाही. वाळक्या भोपळ्याला भोकं पाडून आत दिवा ठेवला तर खोलीभर उजेडाचे ठिपके पडतात. आणि ह्यातलं बाहेरून काही आणायला नको. माती भीमेची, भोपळे भाजीबाजारात, बाभळ पाहिजे तेवढी आणि रुळाच्या कडेनं घायपात तर कुणी विचारत नाही असा पडलेला. तिकडं त्या घायपाताचे मळेच्या मळे आहेत म्हणालात. रात्रीच्या गाडीनं येताना पहाटे दौंड जवळ आलं आणि रुळाकडेला घायपात दिसला तेव्हा आपण परत आलोय की अजून तिकडंच आहोत ते क्षणभर कळलं नाही, असं सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी भिंती मोजत होतो.

सौदा असा झाला. तुम्ही चारही भिंती मागितल्यात. मी म्हणालो, अर्धी. तुम्ही म्हणालात, तीन. मी उठून निघून गेलो. गिऱ्हाइकानं उठून जायचं असतं हे मी स्टेशनवर शिकलो होतो. तुम्ही हाक मारली नाहीत. मलाच परत यावं लागलं. शेवटी एक भिंत तुमची, तीन माझ्या, आणि गल्ल्यामागं बुद्धाची तसबीर असलेली भिंत तर बोलायचीच नाही. हातावर हात मारला. आठ दिवसांनी बघतो तर मधल्या दोन्ही खांबांना खालपासून वरपर्यंत घायपाताचा दोर गुंडाळलेला.

“हे काय?”

“खांब. खांब म्हणजे भिंत थोडीच आहे?”

पुढं छताला बांबू आला, कारण छत म्हणजेही भिंत नाही. मग चौरंग आले, मग भोपळे आले. मी आरडाओरडा केला की तुमचं ठरलेलं, “पोले पोले, शेठ.” तिकडच्या भाषेत हळूहळू. माझ्या आयुष्यात मी कुणावर इतका ओरडलो नसेन आणि कुणी माझ्या ओरडण्याला इतकं कमी घाबरलं नसेल.

पण मातीवरून आपलं खरं भांडण झालं, ते गमतीचं नव्हतं. तुम्ही भिंतीला माती आणि शेण कालवायला घेतलंत आणि माझा तोल गेला. मी घमेलं लाथाडलं. मातीच्या खोपटात जन्मलो, मास्तर. शिरूरजवळच्या आमच्या गावी, गावाच्या कडेला. पावसाळ्यात भिंत फुगायची आणि आई रात्रंदिवस तिला हातानं थोपटत असायची. त्या खोपटातून सिमेंटपर्यंत यायला माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली आणि तुम्ही पैसे घेऊन मला परत तेच लावून देत होता. शिवाय आई. गावातल्या थोरल्या घराचं अंगण, ओटा, खळं तिनं जन्मभर सारवलं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या कपात. तिनंच तो विसळायचा, तिनंच परत खोचायचा. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी तिनं ते काम सोडलं. दौंडला माझा गाडा चालायला लागला तेव्हा मी तिला सांगितलं होतं की इथून पुढं शेणात हात घालायचा नाही. कुणासाठीच नाही.

हे सगळं तुम्हाला त्या दिवशी ओरडून सांगितलं. तुम्ही सांडलेली माती गोळा करत ऐकत होता. मग म्हणालात, “तुमच्या आईला बोलवा. त्यांना पटलं नाही तर लावा तुमचा सनमायका.”

आई आली. तुम्ही तिला ते काळं तोंड दाखवलंत. तिनं ते हातात घेतलं, फिरवून बघितलं.

“ह्यो कोण बाप्या?”

“तिकडचा आहे, आक्का. आफ्रिकेचा.”

“गोंदलंय जनू ह्येला. माझ्यावानी.” तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. “तिकडं बायका सारवत्यात का?”

“सारवतात. शेणानंच. आणि बोटं अशी ओढतात.” तुम्ही हवेत हात फिरवून दाखवलात.

“मंग मानसंच हायेत की!” असं म्हणून तिनं पदर खोचला.

मी मधे पडलो, तर माझ्यावरच उखडली. “हितं काय दुसऱ्याचं हाय का? माझ्या पोराचं हाटेल हाय. व्हय बाजूला.” ती चार दिवस भिंतीपाशी होती. तुम्ही खाली माती मळून द्यायचात, ती वर हात फिरवायची. ओल्या मातीत चार बोटांनी तिनं कमानी ओढल्या, एकीत एक, भिंतभर. तुम्ही गेरू, चुना आणि कोळशाचा काळा एवढे तीनच रंग भरलेत आणि मधोमध ते तोंड टांगलंत. तुमच्या दोघांच्या गप्पा काय चालायच्या देव जाणे. मी जवळ आलो की गप्प व्हायचात.

पहिले काही दिवस लोकांनी मला खाल्लं. “शेठ, लाईट तोडली का?” “हाटेल हाय का गुहा?” मनमाडच्या गाडीचा एक गार्ड रोज त्या तोंडाखाली बसायचा आणि म्हणायचा, “किसनशेठ, ह्यो तुमचा कोण लागतो? रागाला आल्यावर तोंड डिट्टो!” मी ते तोंड उतरवायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, पोले पोले. मग उन्हाळा आला. बाहेर रूळ तापलेले आणि आत आल्यावर मातीचा गारवा. इंजिन बदलेपर्यंत ताटकळणारे पॅसेंजर आत शिरले की उठेनात. पुण्याचे लोक फोटो काढायला यायला लागले. त्यांना मी सांगायचो, भिंत माझ्या आईनं केली. तुमचं नाव नंतर सांगायचो, हेही खरं आहे, पण सांगायचो.

दुपारची गर्दी ओसरली की तुम्ही येऊन कोपऱ्यातल्या चौरंगावर बसायचात आणि आपण दोघं काही न बोलता चहा घ्यायचो. माझ्याशी काही न बोलता बसणारी माणसं फार नाहीत. सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं किंवा मला त्यांच्याकडून. तुमच्याबरोबर तेवढा वेळ सौदा बंद असायचा. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. आज मानतो, रागासकट.

तिथंच एकदा मी तुमच्याकडून शब्द घेतला, की ही अशी भिंत दुसऱ्या कुणाला करून द्यायची नाही. तुम्ही “बरं” म्हणालात आणि हात दिलात. मी जबरदस्ती केली नव्हती.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर गार्डानंच बातमी आणली. शिरूरला, नगर रस्त्यावर, दिनकररावांनी नवीन हॉटेल काढलंय आणि आत अगदी तुमच्यासारखंच, शेठ. मातीची भिंत, भोपळे, सगळं. मास्तर तिथंच मुक्काम ठोकून होते म्हणतात.

दिनकरराव म्हणजे त्या थोरल्या घरचा मुलगा. ज्या घराचं अंगण आई सारवायची त्या घरचा. हे तुम्हाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, घमेलं लाथाडलं त्या दिवशी.

तुम्ही परत आलात तेव्हा मी पायरीवरच अडवलं.

“दिनकररावाचं काम केलंत?”

“केलं.”

“मला शब्द दिला होता.”

“दिला होता. मोडला.”

“एवढंच?”

“शिव्या द्या, शेठ. तुमचा हक्क आहे. पण आधी एकदा जाऊन बघून या.”

“त्याची पायरी मी चढणार न्हाई आन् इथून पुढं माझी तुम्ही चढायची न्हाई.”

तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडलंत. मी आत निघून गेलो. या वेळीही तुम्ही हाक मारली नाहीत आणि या वेळी मी परत आलो नाही. दुसऱ्या कुणाचं हॉटेल केलं असतंत तर मी आठ दिवस ओरडलो असतो आणि नवव्या दिवशी चहा पाठवला असता. पण त्याचं? एवढ्या पुणे जिल्ह्यात तुम्हाला तोच सापडला? हिवाळाभर मी हा एकच प्रश्न घोळवला. बाजारात तुम्ही समोरून आलात की मी रस्ता बदलायचो. तुम्ही थकलेले दिसत होता, एकदा तर रेल्वेच्या पुलावर कठड्याला धरून उभे होता. माझ्या डोक्यात मात्र तोच प्रश्न, दुसरं काही नाही. आणि एके दिवशी मार्थाबाईंचा निरोप आला, की मास्तर गेले.

दफनाला आई गावाहून आली होती. माती दिल्यावर ती बराच वेळ तिथंच बसून राहिली. परत येताना जीपमध्ये मी म्हणालो, माणूस चांगला होता, पण शेवटी फसवलं मला. ती रस्त्याकडं बघत म्हणाली, “तुला न्हाई फसवलं. मला घिऊन गेला हुता त्यो.”

“कुठं?”

“शिरूरला. दिनकरच्या हाटेलात. ती भिंत बी म्याच केलीया.”

मी गाडी बाजूला घेतली. ती गावी माझ्या बहिणीकडं राहते म्हणून तिच्या येण्याजाण्याचा मला पत्ता नसतो. सगळ्यांना माहीत होतं. बहिणीला, मार्थाबाईंना, बहुधा गार्डालाही. मला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

मग तिनं सांगितलं. दिनकरराव तुमच्याकडं आला होता. तुम्ही त्याला हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत, तडक गावी जाऊन आईला विचारलंत. येता का? तिनं विचारलं, कुणाच्यात? तुम्ही नाव सांगितलंत. तिनं दोन दिवस मागून घेतले. मग म्हणाली, येते. पण भाकर आत बसून खाणार. मधल्या दालनात, मेजावर, गिऱ्हाईक ज्या कपात पितं त्या कपात. माझ्याबरोबर सारवाय येतील त्या बायाबी. हे तुम्ही दिनकररावाला सांगितलंत. तो म्हणाला, बघू. तुम्ही म्हणालात, बघू नाही, आत्ता. आणि उठून निघालात. त्यानं हाक मारली. उठून जायचं तुम्ही माझ्याकडूनच शिकलात ना, मास्तर?

“आन् मग बसलीस?”

“बसले की. मधोमध. त्यानं सोता च्या आनून ठिवला. त्येची म्हातारी आली हुती बघायला. दारात हुबी. तिला म्हनलं, या की बाई, बसा.”

“बसली?”

“न्हाई बसली. तिची मर्जी. माझं भजं गार व्हत हुतं.”

मी विचारलं, मला का नाही विचारलंत तुम्ही दोघांनी? तर म्हणते, “मला इचारलं त्यानं. तुला कशाला इचारायचं? हात माझं हायेत.”

मी गाडी परत रस्त्याला घेतली. पण तुम्हाला एक सांगायचं आहे, जे आईला सांगता येणार नाही. ते काम माझं होतं, मास्तर. स्टेशनवर चहाची किटली धरली त्या दिवसापासून मी एकच हिशोब मनात धरून चाललो होतो, की एक दिवस एवढा मोठा होईन की त्या घरच्या माणसांना माझ्या आईला मधोमध बसवून स्वतःच्या हातानं चहा द्यावा लागेल. त्यासाठी हॉटेल बांधलं. त्यासाठी माणसांशी भांडलो, गिऱ्हाइकाला हसलो, झोप सोडली. आणि तुम्ही ते एका घमेलंभर मातीवर करून मोकळे झालात. तेही तिला विचारून. मी तिला कधी विचारलंच नव्हतं की तिला काय हवंय. मी ठरवूनच टाकलं होतं, की शेणात हात नाही.

तुमच्यावरचा राग हा आहे. शब्द मोडल्याचा राग लोकांसाठी होता. हे जर तुम्ही पायरीवर बोलला असता तर मी काय केलं असतं? बहुतेक हात उगारला असता. तुम्हाला ते माहीत असणार, म्हणून बोलला नाहीत. तरीही बोलायला हवं होतं. मारायचं की नाही ते माझं मी बघून घेतलं असतं.

गेल्या आठवड्यात आईचा निरोप आला. शिरूरच्या भिंतीला एका बाजूनं भेगा गेल्यात, हात फिरवायला पाहिजे, जीप घेऊन ये. मास्तर नाहीत, आता नेणार कोण? मी गेलो. तिला आणि तिच्याबरोबर सारवणाऱ्या तिघीजणींना गाडीत घातलं. वाटेत त्या हसत होत्या, दिनकररावाच्या आचाऱ्याला कांदाभजी जमत नाहीत म्हणून नावं ठेवत होत्या. हॉटेलसमोर गाडी लावली. त्या घमेली घेऊन आत गेल्या, मी चाकावर हात ठेवून बसलो.

दिनकरराव बाहेर आला. केस पिकलेत त्याचे. म्हणाला, “किसनराव, या की आत.” जन्मात पहिल्यांदा माझ्या नावापुढं त्यानं राव लावला.

“गाडी बघतो,” मी म्हणालो.

“गाडीला काय होतंय?”

“असू दे.”

तो आत गेला. दारातून भिंतीचा तुकडा दिसत होता. आमच्यापेक्षा लाल आहे, माती घोडनदीची असणार. कमानी नाहीत, लांब लांब पट्टे आहेत, वळत वळत जाणारे. तोंड कुठंही नाही. म्हणजे तुम्ही तीच भिंत केली नव्हतीत. खुर्च्या मात्र बाजारातल्या, हलक्या. तिथं तुमचं चाललेलं दिसत नाही.

मग आई दारात आली. कोपरापर्यंत हात मातीचे.

“आत ये. च्या सांगितलाय तुजा.”

“हितंच पाठव.”

“बाहेर च्या येत न्हाई माझ्या भिंतीपासनं. प्यायचा तर आत ये.” आणि ती वळून कामाला लागली.

मी नाही उतरलो. दिवस कलेपर्यंत त्या सीटवर बसून होतो. मधल्या मेजावर माझा कप ठेवलेला दिसत होता, त्याच्यावरची वाफ जाताना दिसली. शेवटी आईनंच तो पिऊन टाकला. गाडीतून उतरताना म्हणाली, होळीच्या आधी आणखी एक हात द्यावा लागंल.

गाडी मीच नेणार आहे. उतरेन की नाही ते ठरवलेलं नाही, आणि ठरलं तरी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही दोघांनी एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवली. ही एक मी तुमच्यापासून लपवतो, मास्तर. यात घासाघीस नाही.